पाहुणे दोन

ही घटना खरी आहे. माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलेली. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. आमच्या घरात तर हा विषय निघाला की प्रत्येकाला काहीतरी काम आठवतं.

भुताला अमावास्येची रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांची निराशा होईल. हे घडलं रविवारी, भर दुपारी, लख्ख उजेडात. आणि जिथे घडलं तिथे लपायला एक कोपरासुद्धा नव्हता.

कारण ती खोली काचेची होती.

माझी ही मावसबहीण, आमची ताई, गणितातली. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नाही. लहानपणी रात्री खुट्ट झालं की आम्ही बाकीचे पांघरुणात तोंड खुपसायचो, आणि ही टॉर्च घेऊन आवाज कुठून आला ते शोधत फिरायची. त्यामुळे तिने सांगितलेली गोष्ट मला हसण्यावारी नेता येत नाही.

गावाबाहेरच्या तळ्यात दर उन्हाळ्यात शेवाळ माजायचं आणि मासे मरून वर यायचे. हे आधीच कळावं, वेळेत आवरता यावं, म्हणून ताईच्या संस्थेत एक काम सुरू झालं होतं. समीकरणं ताईची. पाण्यातल्या जीवांची जबाबदारी एका वयस्कर शास्त्रज्ञांची. आयुष्यभर शेवाळाचाच अभ्यास केल्यामुळे त्यांना सगळे शेवाळकाका म्हणायचे, आणि त्यांना ते आवडायचंही. पंप, पाइप, दारं सांभाळायला मेस्त्री. तिघांनी मिळून एका हवाबंद काचेच्या खोलीत छोटंसं तळं बनवलं होतं. खाली चिखल, काठाला लव्हाळे, पाण्यात मासे.

हिशेब तसा सोपा. झाडं आणि शेवाळ हवेतला कार्बन डायऑक्साइड खाणार. मासे आणि चिखल तो बाहेर टाकणार. किती आला, किती गेला, हे ताईच्या समीकरणांनी बरोबर सांगितलं की मग खऱ्या तळ्याचंही भाकीत करता येणार होतं.

पण हिशेब काही केल्या जुळेना.

रोज थोडा वायू जास्तच निघायचा. मेस्त्रीने साबणाचं पाणी लावून एकेक सांधा तपासला, कुठे बुडबुडा नाही. शेवाळकाकांनी मासे पुन्हा मोजले. ताईने तर झोपच सोडली. शेवटी एक दिवस वैतागून तिने समीकरणात एक जास्तीची संख्या घातली. एका माणसाच्या श्वासाइतकी.

आणि आलेख... तंतोतंत जुळला.

गणितवाले असं करतात. खरं कारण सापडेपर्यंत एक हातचा धरून ठेवायचा आणि पुढे जायचं. ताईनेही तेच केलं. शेवाळकाका हसून म्हणाले की माणूस आणून ठेवलास खरा, पण आता त्याला जेवायला कोण घालणार. तेव्हापासून त्या हातच्याचं नाव पाहुणा पडलं. संगणकाच्या पडद्यावर 'आत माणसं' असा एक चौकोन होता. खोली रिकामी असली तरी तिथे एक दिसायचा. नवीन कोणी विचारलं की मेस्त्री सांगायचा, तो घरचाच आहे.

आता दाराचं सांगते, कारण सगळं घडलं ते दारात.

आतली हवा बाहेर जाऊ नये म्हणून खोलीला एकामागे एक अशी दोन दारं होती. मध्ये कपाटाएवढी जागा, एक माणूस जेमतेम उभा राहील अशी. एक दार बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. त्यात ताईने स्वतःहून एक नियम घातला होता. शेवाळाला खाऊ म्हणून अधूनमधून खोलीत वायू सोडायचे. तेव्हा चुकून कोणी आत राहिलं तर जिवाशी खेळ. म्हणून आत कोणी उरलेलं नाही, अशी समीकरणांची खात्री पटल्याशिवाय बाहेरचं दार उघडायचंच नाही. पाहुणा अर्थात वगळून.

नियम चांगला होता. माणसाची काळजी घेणारा.

त्या रविवारी ताईचं घरचं सामान बांधून झालं होतं. भाऊजी दुसऱ्या शहरात नोकरीला, तिलाही तिथेच काम मिळालेलं. इतकी वर्षं दोन गावांत संसार चाललेला, तो एकदाचा एका छपराखाली येणार होता. फक्त जाण्याआधी तिला तो पाहुणा समीकरणातून काढायचा होता. दुसऱ्याच्या हाती काम सोपवायचं आणि त्यात असली ठिगळं ठेवायची, हे तिच्या स्वभावात बसत नव्हतं. शेवटचं एकदा आत जाऊन बघते म्हणाली. शेवाळकाका बाहेर पडद्यापाशी बसले. फोन आत न्यायचा नाही असा शिरस्ता, म्हणून तिने तो त्यांच्याकडे दिला.

आत सगळं नेहमीचंच होतं. पंपाची घरघर. पाण्याची टिपटिप. ती लव्हाळ्यांपाशी उकिडवी बसून चिखल बघत होती.

आणि घरघर... थांबली.

तिला वाटलं पंप बंद पडला. पण पाण्यात बुडबुडे येतच होते. पंप चालू होता, फक्त त्याचा आवाज येत नव्हता. तिने पाय आपटून पाहिला. त्याचाही आवाज नाही.

त्या शांततेत एकच गोष्ट ऐकू येत होती.

श्वास.

तिचा स्वतःचा, असं तिला आधी वाटलं. म्हणून तिने श्वास रोखला.

तोही थांबला... पण जरा उशिराने.

ताई म्हणते मी पळाले नाही, चालत आले. असेल. आतलं दार तिच्यामागे बंद झालं, मधल्या जागेत तिने बाहेरच्या दाराचं बटण दाबलं. दिवा लालच राहिला. भिंतीतल्या स्पीकरमधून शेवाळकाका म्हणाले की जरा थांब, अजून आत दोन दाखवतंय. हिशेबाला थोडा वेळ लागतोच, म्हणून ती थांबली.

दिवा लालच.

"काका, मी तर बाहेर आलेय खोलीतून."

"दिसतेस ना मला. पण हा दोनच म्हणतोय. पाहुणा धरून दोन. आत अजून कोणीतरी राहिलंय म्हणतो."

मधल्या जागेला झरोका नव्हता. पाठ एका दाराला टेकलेली, गुडघे दुसऱ्याला. काच बोटभर जाड. किल्ली मेस्त्रीकडे, आणि मेस्त्री रविवारचा सासुरवाडीला. तो येईपर्यंत दुपार जाणार होती. वीज घालवली तर कुलूप लागलेलंच राहणार. तिथे अडीअडचणीसाठी एक बटण होतं, पण ते फक्त आतलं दार उघडायचं.

शेवाळकाकांनी शहाणपणाचा सल्ला दिला. ते बटण दाब, परत आत जा, तिथे भरपूर हवा आहे, मेस्त्री येईस्तोवर तळ्याकाठी बस. आणि आत कोणी आहे का तेही एकदा बघून घे.

ती वळली.

आतल्या दाराच्या काचेवर वाफ धरली होती, तोंडासमोर. आपल्याच श्वासाची, म्हणून तिने ती हाताने पुसली.

वाफ... पुसली जाईना.

ती पलीकडच्या बाजूला होती. बरोबर तिच्या तोंडाच्या उंचीवर. लहान व्हायची, मोठी व्हायची. काचेपलीकडे तळं दिसत होतं, लव्हाळे दिसत होते. माणूस नव्हता.

मग टकटक झाली. हलकी.

ताईची दार वाजवायची एक पद्धत आहे. नखाने, घाईघाईने, जणू पाठीमागे कोणी लागलंय. घरातलं कोणीही डोळे मिटून ओळखेल. काचेवर तशीच टकटक होत होती.

"अगं, काच कशाला वाजवतेस? मी इथेच आहे की," काका म्हणाले.

"मी नाही वाजवत."

स्पीकरमधून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

डोकं ठणकायला लागलं होतं. एवढ्याशा जागेतली हवा किती पुरेल, हे तिच्याइतकं कोणाला कळणार? तिची पाचावर धारण बसली होती, हे तिने स्वतः कबूल केलंय. अडचणीच्या बटणावर तिचं बोट होतं. दाबलं असतं तर हवा मिळाली असती, आणि आत जे होतं ते समोर आलं असतं. बोट दाबेना. तिने दुसरा मार्ग काढला, तिचा नेहमीचा.

"काका, समीकरणात पाहुणे दोन करा."

"म्हणजे आत जे कोणी आहे, ते आतलंच आहे असं धरायचं?"

"धरा."

त्यांनी आकडा बदलला. हिशेब जुळला. दिवा हिरवा झाला.

बाहेरचं दार उघडलं, त्या क्षणी आतली टकटक एकदम जोरात झाली. नखं नव्हती आता, तळहात होते. मग दार मिटलं आणि काही ऐकू आलं नाही.

संध्याकाळी मेस्त्री आला. त्याने यंत्रं उघडली, तारा तपासल्या, सगळं ठीक. चौकोनात दोनच. दुसऱ्या दिवशी दोन. त्यानंतर रोज दोन. आणि आलेख दोनवरच जुळायचा, जराही न हलता. ताई खोलीत एकटी गेली होती, एकटी बाहेर आली होती. मग आत वाढलेला तो एक कोणाचा?

ताई म्हणाली, यंत्राचा दोष. आणि ठरल्या दिवशी बसमध्ये बसली.

गावाची वेस ओलांडली आणि तिला धाप लागली. पुढच्या फाट्यावर ओठ निळे पडले. कंडक्टरने गाडी थांबवून तिला परतीच्या गाडीत बसवलं. गाव जवळ आलं तसा जिवात जीव आला. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं पोहणाऱ्याची असावीत तशी ठणठणीत आहेत. तिने पुन्हा प्रयत्न केला, रेल्वेने, भाऊजींच्या मोटारीतून. दरवेळी तेच. शेवटी भाऊजींनीच इकडे बदली मागून घेतली.

दोन वर्षं झाली. ती या गावाबाहेर गेलेली नाही. रोज काचेसमोर जाऊन उभी राहते. मला तिने एकदाच विचारलं, "मी त्या दिवशी आत कोणाला ठेवून आले गं?"



मी इथेच राहते, तिच्या घरापासून चार पावलांवर. काल शेवाळकाका घरी आले होते. काम संपलंय, पैसा थांबलाय, खोली मोडायचं ठरलंय. आज दुपारी दोन्ही दारं एकदम उघडून आतली हवा बाहेर सोडणार. त्यांनी हात जोडून थांबवायचा प्रयत्न केला, पण कारण काय सांगणार? ताईला यातलं काही ठाऊक नाही. काका एवढंच म्हणाले की उद्या तिला तुझ्या नजरेसमोर ठेव. बोलती ठेव.

म्हणून मी तिला जेवायला बोलावलं. जेवणं झाली. ती स्वयंपाकघरात ओटा आवरतेय, मी बाहेरच्या खोलीत बसून हे लिहितेय. मुलांच्या शाळेचं, भाऊजींच्या घोरण्याचं काहीबाही सांगत होती. मी हं हं करत होते.

आत्ता काकांचा मेसेज आला. दारं उघडली.

त्याच वेळी आतून तिने विचारलं, "चहा टाकू का गं?"

मी मुद्दाम उत्तर दिलेलं नाही. उत्तर आलं नाही की ती पुन्हा विचारते, तिची सवयच आहे.

मी वाट बघतेय.

तिने अजून विचारलेलं नाही.