नाल्याने गिळलेला कचरा

"काहीच नाही?" भिंगरीने रिकामं पोतं उलटं करून झटकलं. "एक बाटलीसुद्धा नाही?"

"एक तुटकी चप्पल आहे," ढब्बू म्हणाला. "पण ती माझीच आहे. आत्ताच तुटली!"

एरवी वकील खो खो हसली असती. आज ती नाल्याच्या तोंडाकडे बघत गप्प उभी होती. वकील गप्प बसली म्हणजे काहीतरी बिनसलंय, असं खुशाल समजावं. वर्गात बाईंशीही वाद घालून जिंकणारी मुलगी ती, हे नाव तिला उगीच पडलं नव्हतं! ढब्बूचं नाव मात्र आता त्याला शोभत नव्हतं. तान्हा असताना गुटगुटीत होता म्हणे. आता नुसता काडीपहिलवान. आणि भिंगरीला एका जागी बसलेलं तिच्या आईनेही कधी पाहिलं नव्हतं.

सुट्टी लागल्यापासून तिघं रोज सकाळी किनाऱ्यावर येत. गावातून वाहणारा नाला बाजारातल्या पुलापाशी जमिनीखाली शिरायचा, रस्त्याखालच्या बोगद्यातून यायचा आणि किनाऱ्याच्या दगडी भिंतीतल्या भल्यामोठ्या गोल तोंडातून समुद्राला मिळायचा. येताना गावाचा सगळा कचरा बरोबर आणायचा. किनारा मंडळाने मुलांना काम नेमून दिलं होतं. तोंडाशी आलेला कचरा गोळा करायचा, बाटल्या, पिशव्या, थर्मोकोल वेगळं करायचं आणि काट्यावर तोलायचं. कुठून काय येतं ते कळलं, की ते तिथेच थांबवता येईल, अशी त्यामागची कल्पना.

पण हल्ली पोती हलकी होत चालली होती आणि आज तर चक्क रिकामी होती. मंडळाचे अध्यक्षकाका हवेत होते. सगळ्यात स्वच्छ किनाऱ्याचं बक्षीस मंडळाला मिळालं होतं आणि ते द्यायला आज दुपारी पाहुण्या बाई यायच्या होत्या.

"लोक सुधारले असतील," ढब्बू म्हणाला.

"सुधारले? काल एका काकांनी पुलावरून अख्खी पिशवी नाल्यात भिरकावली. हटकलं तर म्हणाले, 'वाहून जाते गं!'" वकील म्हणाली. "मग वाहून गेली कुठे? मला उत्तर द्या!"

भिंगरीने गोल तोंडात डोकावून पाहिलं. पूर्वी इथून पाणी धो धो यायचं. आता तळाशी बोटभर धार तेवढी होती. आत मिट्ट काळोख, आणि त्या काळोखातून काहीतरी लांबवर कुरकुरत होतं. जड सामान सरकवावं तसा आवाज! 

"पाणीही कमी झालंय," ती हळूच म्हणाली. "कचरा गेला तो गेला, पाणी कुठे गेलं?"

मग काय, तपास सुरू! ढब्बूने सुताराच्या दुकानातून लाकडाचे उरलेसुरले ठोकळे आणले आणि तिघांनी ते नारिंगी रंगाने रंगवले. वकील नाल्याच्या तोंडाशी पहाऱ्याला बसली. भिंगरी आणि ढब्बू बाजारातल्या पुलावर गेले.

पुलावरून खाली बघताच ढब्बू दचकून मागे सरला. पाणी पार पुलाच्या पोटाला टेकलं होतं! काळंशार, फुगलेलं, आणि जवळजवळ थांबलेलं. भिंगरीने ठोकळे सोडले. ते एकाच जागी गरगरले आणि मग एकेक करून पुलाखाली ओढले गेले.

बराच वेळ गेला. दोघं किनाऱ्यावर परतले, तेव्हा वकील हनुवटीला हात लावून बसली होती.

"एकही आला नाही," ती म्हणाली. "एकही नाही!"

"म्हणजे नाल्याने गिळले," ढब्बू म्हणाला. चेष्टाच करत होता, पण त्याचा आवाज बारीक झाला होता.

भिंगरीच्या मावशीची बेकरी बाजारातल्या एका तळघरात होती. तळघराच्या मागच्या भिंतीपलीकडून तो बोगदा जायचा. मुलं आत शिरली तेव्हा मावशी त्या भिंतीला लावलेली पिठाची पोती दुसरीकडे ओढत होती.

"हात लावा रे जरा! पीठ दमट व्हायला लागलंय," ती म्हणाली. "कितीही पुसली तरी भिंतीला पुन्हा ओल येतेय. आणि आवाज ऐका तिचा!"

भिंगरीने भिंतीला कान लावला. तोच आवाज! इथे तर तो अगदी जवळ होता.

"मावशी, कधीपासून येतोय हा?"

"बरेच दिवस झाले. पण गंमत म्हणजे भरतीच्या वेळी बंद असतो. ओहोटी लागली की सुरू, आणि पाणी जसं उतरेल तसा वाढत जातो."

बेकरीमागच्या बोळात बोगद्यावर एक लोखंडी झाकण होतं. झाकण कसलं, जाड गजांची चौकटच ती. ती उचलणं चौघांच्या बापालाही जमलं नसतं, पण गजांमधून खालचं दिसायचं. मावशीने विजेरी आणली. चौघं पालथी पडून खाली बघू लागली.

खाली कचऱ्याचा डोंगर होता! बाटल्या, पिशव्या, चपला, थर्मोकोल, फाटकी गादी, सगळं एकमेकांत दाबून बसलेलं. वर नारिंगी ठोकळे अडकले होते. डोंगराच्या समुद्राकडच्या बाजूला एक लोखंडी जाळी बोगद्याला आडवी ठोकलेली होती. जाळी पार वाकली होती. मागे कोंडलेलं पाणी दर थोड्या वेळाने तिला रेटत होतं, आणि ती करकरत होती.

"ही कोणी बसवली?" मावशी पुटपुटली.

 भिंगरी विचार करत होती. दाराला दोघंजण दोन्ही बाजूंनी टेकले, तर दार हलत नाही. त्यातला एक निघून गेला तर? भरतीला समुद्राचं पाणी बोगद्यात शिरून जाळीला पुढून टेकू देतं. ओहोटीला तो टेकू जातो!

"वकील, आज समारंभ कधी आहे?"

"पूर्ण ओहोटीला. वाळू रुंद मिळते ना खुर्च्या मांडायला." वकील ताडकन उठून बसली. "आणि खुर्च्या नाल्याच्या तोंडासमोर मांडल्यात! तोंड किती स्वच्छ आहे ते पाहुण्यांना दिसावं म्हणून!"

पहिल्या रांगेत कोण बसणार, हे भिंगरीला पक्कं माहीत होतं. गाण्याच्या वर्गातली छोटी मुलं. त्यात तिची धाकटी बहीण चिमणी.

मावशीने एकही प्रश्न विचारला नाही. भट्टी विझवली, कामगारांना तळघरातून बाहेर काढलं आणि ती अग्निशमन दलाला फोन करायला धावली. मुलं धावली किनाऱ्याकडे.

अध्यक्षकाका छातीवर बिल्ला लावत होते. मुलांनी धापा टाकत सगळं सांगितलं, तर ते हसले!

"अरे, जाळी मीच बसवलीय! कचरा वरच्या वर अडवायचा. दर आठवड्याला ती साफ होतेय. ते काम उपाध्यक्षांकडे आहे."

"माझ्याकडे?" शेजारी हार सोडवत बसलेले उपाध्यक्ष चमकले. "मला वाटलं, तुमच्याकडे!"



"म्हणजे बसवल्यापासून कोणीच साफ केली नाही?" वकील किंचाळली.

"हळू बोल!" अध्यक्षकाकांनी इकडेतिकडे पाहिलं. "इतके दिवस टिकली, तासभर टिकेल. उद्या सकाळी माणसं लावतो. आज पाहुण्यांसमोर तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. चला, पळा!"

पाहुण्या बाई आल्या. खुर्च्या भरल्या. समुद्र पार लांब गेला होता. भिंगरीने नाल्याच्या तोंडाकडे पाहिलं. बोटभर धारही आता थांबली होती. आतून गार, कुजकट वाऱ्याचा झोत आला आणि भिंतीच्या फटींतले खेकडे भराभरा बाहेर पडून लांब पळाले. कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. अध्यक्षकाका माइकवर घसा खाकरत होते.

"आपण ओरडलो तर आपल्यालाच हाकलतील," वकील कुजबुजली. "मोठी माणसं घाबरवून उठत नाहीत."

"मग कशाने उठतात?" भिंगरीने विचारलं. 

ढब्बूचे डोळे लकाकले. "माझ्या मामाच्या कॅमेऱ्याने!"

ढब्बूचा मामा समारंभाचा फोटोग्राफर होता आणि तो त्या वेळी दगडी भिंतीवरच्या कट्ट्यावर उभा राहून कॅमेरा पुसत होता. ढब्बू पायऱ्या चढून त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि त्याने त्या काटकुळ्या छातीत मावेल तेवढा श्वास भरून घेतला.

"वर्तमानपत्रातला फोटो इथे वर काढणार हो! इथेच ऊन चांगलं आहे! पुढच्या रांगेत जागा थोड्याच आहेत!"

काय सांगावं! पहिले उठले अध्यक्षकाका. माइक तसाच टाकून ते पायऱ्यांकडे सुटले. मागोमाग उपाध्यक्ष, हार हातात घेऊन. मग सगळेच! पाहुण्या बाईंना लोकांनी जवळजवळ उचलूनच वर नेलं. गाण्याच्या बाईही गर्दीत ओढल्या गेल्या. वकील खालून छोट्या मुलांना ढकलत होती, "चला, चला, फोटोत यायचंय ना?"

भिंगरीने मुलांमध्ये बहिणीला शोधलं. चिमणी नव्हती.

ती खाली होती! पहिल्या रांगेत, हात मांडीवर ठेवून, एकटी बसलेली. गाण्याच्या बाईंनी सांगितलं होतं, मी खूण करेपर्यंत हलायचं नाही. सांगितलेलं तंतोतंत पाळणारी मुलगी ती.

बोगद्यात कडाड असा आवाज झाला.

भिंगरी वाळूवरून धावली. एवढी ती आयुष्यात धावली नव्हती. "चिमणे, ऊठ!"

"पण ताई, बाईंनी..."

भिंगरीने तिला कमरेला धरून उचललं आणि वळली. मागे गडगडाट सुरू झाला होता. पायाखालची वाळू थरथरत होती. पायऱ्या समोर दिसत होत्या, पण जवळ येत नव्हत्या. वकीलने खाली उतरून चिमणीला ओढून घेतलं, ढब्बूने भिंगरीचा हात पकडला, आणि चौघं पायऱ्यांवर कोसळली.

त्याच क्षणी नाला फुटला. गोल तोंडातून काळ्या पाण्याचा लोंढा बाहेर पडला. त्यात बाटल्या, पत्रे, गाद्या, तुटकी टेबलं, गावाने कितीतरी दिवस "वाहून जाते" म्हणत टाकलेलं सारं काही होतं. खुर्च्या काड्यापेटीच्या काड्यांसारख्या उडाल्या. मांडव आडवा झाला. 

पाणी ओसरलं तेव्हा किनारा दिसतच नव्हता. सगळीकडे कचराच कचरा! पहिल्या रांगेच्या जागी ती लोखंडी जाळी पडली होती, पिळवटलेली, तिचे गज वर आलेले.

अग्निशमन दलाची गाडी घेऊन मावशी पोचली. जवानांनी आधी सगळी माणसं सुखरूप आहेत याची खात्री केली. त्यांच्या प्रमुखाने जाळीकडे पाहिलं, मग मुलांकडे पाहिलं.

"लोकांना वर कोणी आणलं?"

"यांनी," पाहुण्या बाई म्हणाल्या.  "आम्ही सगळे फोटोसाठी धावलो. या मुलांमुळे आज आम्ही जिवंत आहोत. शाबास रे पोरांनो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशीने तिघांना एकदमच कवटाळलं. ढब्बू गुदमरून म्हणाला, "मावशी, नाल्यातून वाचलो, आता मरतो!"

अध्यक्षकाका मात्र टाळ्या वाजवत नव्हते. त्यांनी छातीवरचा बिल्ला काढला आणि माइक नव्हता तरी सगळ्यांना ऐकू जाईल असं ते बोलले, "किनारा स्वच्छ नव्हताच. मी कचरा लपवला होता. या मुलांनी मला सांगितलं आणि मी त्यांना गप्प केलं." मग त्यांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि कोणाचीही वाट न बघता ते त्या चिखलात उतरले. हळूहळू एकेक जण त्यांच्यामागे पायऱ्या उतरू लागला.

भिंगरी पायरीवरच बसून राहिली.  चिमणी तिच्या मांडीवर बसून खाली बघत होती.

"ताई, ती जाळी पडलीय ना, तिथे माझी खुर्ची होती?"

काहीतरी थाप मारावी असं भिंगरीला क्षणभर वाटलं. पण आज दिवसभर सगळ्यांनी तेच केलं होतं.

"हो," ती म्हणाली. "तिथेच होती."

 चिमणीने दोन्ही हातांनी ताईचा गळा घट्ट धरला, आणि मग कुठे भिंगरीला मोठ्याने रडू फुटलं.