दोन दिले, दोन घेतले

हे माझ्या सख्ख्या भावाबाबत घडलंय. तिखटमीठ लावायची मला गरज नाही. खोटं वाटलं तर सोडून द्या. मला सोडता येत नाही.

बुधवार होता. संध्याकाळचे सव्वासहा.

आम्ही दोघंच भावंडं, चौथ्या मजल्यावर राहायचो. दादा लिफ्टचा मेकॅनिक, आणि नेमकी आमच्याच इमारतीला लिफ्ट नाही. यावर तो स्वतःच रोज एकदा हसायचा.

त्या दिवशी तो हसत आला नाही.

आमचा कुत्रा वायसर. तपकिरी अंग, गळ्याभोवती नटबोल्टच्या वायसरसारखं पांढरं गोल कडं, म्हणून दादाने ठेवलेलं नाव. जिन्यात दादाची चाहूल लागली की हा दाराशी नाचायचा.

दादा आत आला... आणि वायसर मागे सरकला. ओठ वर गेले. दात दिसले.

गुर्रर्र...

"अरे गाढवा, मी आहे!" दादा म्हणाला.

पण वायसर दादाकडे बघतच नव्हता. तो दादाच्या डाव्या खांद्यामागे, उघड्या दाराकडे बघत होता.

तिथे कुणीच नव्हतं.

मग जिन्याच्या लोखंडी कठड्यावर, पार तळमजल्यावरून...

ठक. ठक.

दादाने खाडकन दार लावून घेतलं.

त्याच दुपारी दादाचे जोडीदार कामावर गेले होते. गेले म्हणजे... वारले. सगळे त्यांना मामा म्हणायचे. दादाच्या हातात पहिला पाना त्यांनीच दिला होता.

त्यांच्या कामात एक साधा नियम असतो. एक जण लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरतो, दुसरा वर मशीनपाशी थांबतो. खाली मोबाइलला रेंज नसते. म्हणून वीज चालू करण्याआधी वरचा माणूस खालपर्यंत गेलेल्या लोखंडी रुळावर पान्याने दोन ठोके मारतो. खालचा बाजूला झाला की तोही दोन ठोके मारतो.

"दोन दिले, दोन घेतले, मगच खटका." हे मामांचंच वाक्य.

चौकशीत दादाने सांगितलं, "दोन घेतले होते. मी नीट ऐकले." मग काय, मामाच चुकले असं कागदावर आलं. मेलेला माणूस थोडाच उठून सांगणार होता?

चार दिवसांनी मामी आल्या. पाणीही घेतलं नाही. एकच विचारलं, "खरंच वाजवलं होतं का रे त्यांनी? इतकी वर्षं काम केलं, आणि ठोके देऊन तिथेच कसे उभे राहतील?"

"हो मामी. वाजवलं होतं."

कोपऱ्यातून वायसर गुरगुरला.

"मुक्या जिवालासुद्धा कळतं बघ," मामी डोळे पुसत म्हणाल्या.

मी जनावरांच्या डॉक्टरांकडे काउंटरवर बसते. आमचे डॉक्टर येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगतात. "घरच्या माणसावर गुरगुरतो? आधी त्याला कुठे दुखतंय का ते बघू. मग केव्हा, कुठे, कुणाकडे बघून गुरगुरतो ते लिहून आणा. तोवर मागे सरा. मारू नका, दटावू नका. गुरगुरणं म्हणजे सूचना असते. तोंड बंद केलंत तर सूचना बंद होईल. कारण तसंच राहील."

हे मला पाठ आहे. झोपेतून उठवा, म्हणून दाखवीन.

डॉक्टरांनी वायसरचे दात, कान, पाठ, सगळं तपासलं. काही नव्हतं. मी कार्डावर लिहायला लागले.

गुरुवार, दादा आल्यावर. शुक्रवार, दादा आल्यावर. शनिवारी दादाला सुट्टी होती, तर तो सोफ्यावर बसलेला असताना. नजर दर वेळी डाव्या खांद्यामागे. आणि दर वेळी गुरगुरल्यानंतर कठड्यावर दोन ठोके.

पहिल्या आठवड्यात तळमजल्यावर. मग पहिल्या मजल्यावर...

मग दुसऱ्या.

मी कार्ड दादासमोर ठेवलं. त्याने ते वाचलं आणि उलटं करून ठेवलं.

"दोन आले नव्हते गं," तो म्हणाला. "जेवायची घाई होती. मी थांबलोच नाही."

"मामींना सांग."

"सांगून मामा परत येणारेत? माझी नोकरी जाईल, तुरुंगात जाईन. चालेल तुला?"

मला एकच भाऊ होता. मी मूग गिळून बसले. मामींचा त्यानंतर दोनदा फोन आला. मी उचलला नाही. स्वतःची लाज वाटली, तरी नाही उचलला.

पुढच्या आठवड्यात दादाने निकाल लावला. "या घरात एक तर हा राहील, नाहीतर मी."

मला दोघंही हवे होते. मी फवाऱ्याची बाटली आणली. वायसर गुरगुरला की तोंडावर पाणी. "गप!" गप्प राहिला की बिस्किट. लोकांना नको म्हणून सांगायचं तेच मी घरी केलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

बाराव्या दिवशी तो गप्प झाला.

ओठ वर जायचे, दात दिसायचे... पण आवाज नाही.

"बघ, सुधारला की नाही!" दादा खूष झाला. ठोकेही ऐकू येईनासे झाले. की आम्ही टीव्हीच मोठ्याने लावत होतो, देव जाणे.

त्यानंतरचा सोमवार. सकाळी दादा बूट घालत होता. वायसर दारात आडवा उभा. थरथरत होता, दात विचकलेले, एकटक दादाच्या मागे बघत...

आवाज मात्र नाही.

"शहाणा गं माझा!" मी म्हणाले आणि त्याला बिस्किट दिलं. त्याने ते खाल्लं नाही.

अकरा वाजता दादा खड्ड्यात होता. वर नवा जोडीदार होता. त्याने वीज चालू केली.

तो नवा जोडीदार संध्याकाळी आमच्या जिन्यात बसून लहान मुलासारखा रडत होता. "ताई, आईशप्पथ सांगतो, मी दोन दिले. दोन आले. अगदी स्वच्छ. मग मी खटका ओढला."

दादाचा पाना वरच होता. पिशवीत, चेन लावलेला. खाली त्याच्या हातात नुसती बॅटरी होती, आणि रुळाकडे त्याची पाठ होती.

मग वाजवलं कुणी?

चौकशीत नव्या जोडीदाराला खोटारडा ठरवलं. नोकरी गेली त्याची. तो खरं बोलतोय हे जगात फक्त मला माहीत आहे. का माहीत आहे, हे सांगायचं तर दादाचंही सगळं सांगावं लागेल. गेलेल्या भावाच्या नावाला मीच काळं फासायचं?

म्हणून मी अजून गप्प आहे.

गेल्या बुधवारपासून वायसर माझ्या डाव्या खांद्यामागे बघतो.

ओठ वर. दात बाहेर. आवाज नाही.

मी त्याच्यासमोर गुडघे टेकून म्हणते, "गुरगुर रे राजा. नाही ओरडणार मी." तो शेल्फवरच्या फवाऱ्याच्या बाटलीच्या जागेकडे बघतो आणि मान खाली घालतो. बाटली मी फेकून दिली, तरी तो त्याच जागी बघतो.

आज टीव्ही बंद ठेवला होता. सव्वासहाला कठड्यावर वाजलं...

ठक. ठक.

तिसऱ्या मजल्यावर.

मामींचा नंबर काढून ठेवलाय. अजून लावलेला नाही.