मधली सात चित्रं

ही हकिकत खरी आहे. माझ्या मावसभावाच्या, इंद्रभानच्या बाबतीत घडलेली. मला ती पुरती उमगलेली नाही, तरी सांगतो.

दोन हजार बावीसचा मे महिना. मलकापूर. भर दुपार.

इंद्रभान मुंबईत कार्टूनपटांची चित्रं काढायचा. त्यानं काढलेली म्हातारी पडद्यावर नुसता पदर सावरायची, तरी लोक हसायचे. मग दारूनं हात कापू लागला. काम गेलं. भाड्याची खोली गेली.

थोरल्या बहिणीनं, मंजुळाताईनं, त्याला घरात घेतलं ते एका अटीवर. "एक घोट घेतला, तं त्याच दिवशी घर सोडायचं."

चाळीस दिवस त्यानं घेतली नव्हती. हात मात्र कापतच होता... आणि डोक्यात काही सुचत नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एक नमुना पाठवायचा होता. एक माणूस खाटेवरून उठतो आणि दारात जातो. एवढंच. पसंत पडला, तर वर्षभराचं काम.

इंद्रभाननं पहिलं चित्र कसंबसं काढलं. शेवटचं काढलं. मधल्या हालचालीची सात राहिली. ती पूर्वी त्याचा मदतनीस अल्तमश काढायचा. जुन्या सवयीनं त्यानं कागदाच्या कडेला लिहिलं, 'अल्तमश, मधली सात.'

लिहून झालं आणि तो थबकला.

अल्तमशला जाऊन तीन वर्षं झाली होती. दारूनंच गेला. त्याच्या हाती पहिला पेला दिला होता, तो इंद्रभाननं.

पेन्सिल ठेवून तो खाटेवर कलंडला.

फर्रर्र... फर्रर्र...

कागद चाळल्याचा आवाज.

त्यानं डोळे उघडले. वीज गेली होती. पंखा बंद. वाऱ्याची झुळूकही नाही.

टेबलावर मधली सातही चित्रं होती.

रेघ हलकी, सरळ. अल्तमशची.

त्यानं गठ्ठा चाळला. माणूस उठला, दारात गेला... इतका सहज, की इंद्रभानचे डोळे भरून आले.

पण मध्येच डोळ्याला काहीतरी टोचून गेलं.

त्यानं एकेक कागद पाहिला. मधल्या सातांपैकी चौथ्यात माणसाच्या हाती पेला होता. तिसऱ्यात नाही. पाचव्यात नाही. फक्त चौथ्यात... पाहणाऱ्यापुढे धरलेला.

"ताई!"

"काऊन वरडून राह्यला रे?" मंजुळाताई आली. कागद पाहून हसली. "हात बसला म्हण की तुहा!"

"हे म्या नाही काढले."

तिचं हसू मावळलं. दारूत केलेलं त्याला कधीच आठवत नसे. "तोंड उघड."

तिनं हुंगलं. वास नव्हता.

मग तिनं चौथा कागद नाकाशी नेला... आणि झटकन टाकून दिला.

"याच्यावर दारू कोणं सांडली?"

कागद कोरडा होता.

तो चौथा कागद वगळला, तर माणसाची चाल अडखळे. दुसरं चित्र काढायला हात चालेना. शेवटी त्यानं सातही पाठवली.

काम मिळालं.

परवा मी मलकापूरला गेलो होतो. तो अजून पहिलं आणि शेवटचंच चित्र काढतो. कडेला काही लिहीत नाही... तरी मधली सापडतात. त्या खोलीत मला बसवेना. उभ्यानंच चहा घेतला.

"घेत तं नाही ना तू?" मी विचारलं.

"नाही, दादा," तो थकून म्हणाला. "पण तो रोज देऊन राह्यला. अन् माहा हात रोज जरासा पुढं जाते."