वास नसलेलं पाणी

"बूट! अहो, बूट काढा!"

मी पाण्यातूनच ओरडले. सकाळचे सात वाजले होते, माझी बायकांची बॅच काठाला धरून पाय मारत होती आणि तलावाच्या ओल्या फरशीवरून एक उंच माणूस खुशाल बूट घालून चालत येत होता. हातात लांबट खोका. तोही असा जपून धरलेला, की दवाखान्यातून तान्हं बाळ घरी आणत असावा.

"काढले असते," तो थांबून म्हणाला, "पण दोन्ही हात गुंतलेत."

"मग खोका खाली ठेवा."

"ओल्या फरशीवर? नाही ठेवता येणार."

मी तावातावाने वर आले, हात पुसले आणि "द्या इकडे" म्हणत खोका ओढूनच घेतला. तो नाड्या सोडायला वाकला. मला कुठे धीर! झाकण उघडून पाहिलं तर आत एक पोकळ काचेची नळी होती. इतकी नितळ, की ती आहे की नाही हे बघायला मी तिला उचलली.

"हात नका लावू!"

आता ओरडायची पाळी त्याची होती.

"काय झालं? फुटली नाहीये."

"बोटांचं तेल लागलं ना... दिवा तापला की तो डाग काचेवर भाजून बसतो. मग तेवढ्या जागेतून उजेड बाहेर पडत नाही." त्याने नळी टोकाला फडक्याने धरून उजेडात फिरवली. "पाचही बोटं उमटलीत. स्पिरिटने पुसावी लागणार." मग जरा थांबून म्हणाला, "ठसे सुबक आहेत पण."

चांगलं झणझणीत उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. पण तेवढ्यात खोकला आला आणि आला तो थांबेचना. गुडघ्यांवर हात टेकून मी खोकत राहिले. मान वर केली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलेलं होतं.

"किती दिवस आहे हा?"

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. मी दिवा बसवायला आलोय."

त्या दिवसापासून मी त्याला दिवेवाला म्हणायला लागले. आधी मनात, मग तोंडावर.

खोकल्याचं सांगायलाच हवं, कारण सगळं त्याच्यापायी घडलं. आमचा तलाव बंदिस्त, वर छप्पर, खिडक्या उंच आणि लहान. पाण्यावरची क्लोरीनची हवा तिथल्या तिथेच घोटाळत राहते. डॉक्टरांनी छाती तपासून सरळ सांगितलं होतं, "तीन महिने देतो. खोकला उतरला नाही तर तलाव सोडायचा." सोडायचा! चौथ्या वर्षापासून मी त्या पाण्यात आहे. जमिनीवर मी जरा भांडकुदळ, जरा वेंधळी बाई आहे. पाण्यात मला माझी मी आवडते. ते गेलं तर माझ्याजवळ काय उरलं असतं, याचा विचार करायचीही मला भीती वाटायची.

आणि मला चौथ्या वर्षी पाण्यात उतरवणारे माझे बाबाच त्या तलावाचं पाणी सांभाळणारे होते. तीस वर्षं. सकाळी दार उघडायचं, उंबऱ्यात उभं राहून एक दीर्घ श्वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा, "आज एक मग कमी पडतोय." मग बादलीत क्लोरीन कालवायचं आणि तलावात ओतायचं. पाण्याच्या तपासणीची पेटी कपाटात धूळ खात पडली होती. बाबांच्या नाकावर सगळ्यांचा विश्वास, आणि त्या नाकावर बाबा माशी बसू देत नसत.

डॉक्टरांची चिठ्ठी वाचून व्यवस्थापकांनी एका महिन्याच्या बोलीवर हे दिव्याचं यंत्र आणवलं होतं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तपासणी. पाण्यातलं क्लोरीन निम्म्यावर आलेलं दिसलं तर यंत्र राहील, नाहीतर परत जाईल. म्हणजे यंत्राबरोबर माझाही निकाल त्याच दिवशी लागणार होता.

पंपरूममध्ये दिवेवाल्याने आम्हा बापलेकीला यंत्र समजावलं. जाड पोलादी नळकांडं, त्याच्या पोटात ती काचेची नळी, नळीत अतिनील किरणांचा दिवा. तलावातलं पाणी फिल्टरमधून येतं, दिव्यासमोरून वाहतं आणि परत तलावात जातं.

"उजेडाने जंतू मरतात म्हणे!" बाबा म्हणाले. "मग आम्ही इतकी वर्षं काय झक मारली?"

"नाही काका, क्लोरीन लागणारच. फक्त थोडं." तो घाईने म्हणाला. "दिवा पाइपात असतो. समोरून गेलेल्या पाण्याचं तो बघतो. पण तिकडे तलावात कोणी शिंकलं, तर त्याला पत्ताही नसतो. तिथे राखणीला क्लोरीन हवंच. ते हा छोटा पंप थेंबथेंब सोडेल. तुम्हाला बादली उचलायला नको."

"आणि वास?"

"तो वास ताज्या क्लोरीनचा नसतो, काका. अंगाच्या घामाशी झटापट करून क्लोरीन खर्ची पडलं की जे उरतं, त्याचा तो वास. तेच हवेत उतरतं, डोळ्यांत जातं, छातीत जातं. हा उजेड त्याला मोडून टाकतो."

बाबांनी नाक चोळलं. "म्हणजे तीस वर्षं मी लोकांच्या घामाचा वास घेत होतो?"

मला हसू फुटणार होतं, पण बाबांचा चेहरा पाहून ते जागीच विरलं.

बाबा गेल्यावर दिवेवाल्याने कळ दाबली. नळकांड्याच्या कुशीत एक बोटभर रुंदीची जाड काच होती. "दिव्याकडे थेट कधी बघायचं नाही, डोळे जातील. पण या काचेतून चालतं." मी वाकले, तोही वाकला. आत निळाजांभळा उजेड होता, शांत, जरासा थरथरता. त्याचा श्वास माझ्या ओल्या केसांना लागत होता.

"किती वेळ बघायचं असतं?" मी विचारलं.

"तपासणीला... दोन सेकंद पुरतात."

"मग आपण काय करतोय?"

"आपण जरा कसून तपासतोय," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

पहिल्या दोन आठवड्यांत माझा खोकला निम्म्यावर आला. डोळ्यांची चुरचुर गेली. पाण्यात डोकं घालावं आणि बाहेर काढूच नये असं वाटायचं. बॅच संपली की मी काही ना काही निमित्ताने पंपरूममध्ये जायची. तो आकडे लिहीत असायचा, मला पाहून पेन खाली ठेवायचा. मला तो आवडायला लागला होता, यात लपवण्यासारखं काही नव्हतं. फक्त सांगायला तोंड उघडत नव्हतं.

"मॅडम, पंपरूममध्ये हल्ली फार बिघाड होतात वाटतं?" बॅचमधल्या हेडबाई म्हणाल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांच्या नजरेतून कधी काही सुटत नसे. बाकीच्या बायका खिदळल्या. मग हेडबाई बाबांकडे वळल्या, "अहो, पण पाण्याला वास कसा नाही? वास नाही म्हणजे औषध घातलंय की नाही, कसं कळायचं आम्हाला?"

 बाबांनी नुसता एक श्वास घेतला आणि मान हलवली.

तिसऱ्या आठवड्यात वास परत आला. खोकलाही आला. दिवेवाल्याने नळी काढून पुसली, दिवा तपासला, थेंबांचा पंप उघडून पाहिला. पाण्यातल्या क्लोरीनचा आकडा रोज चढत होता. व्यवस्थापक म्हणाले, "शनिवारी हेच दिसलं तर घेऊन जा तुमचं लटांबर." मी बॅचला शिकवताना मध्ये मध्ये काठावर येऊन बसायला लागले. उरलेले दिवस बोटांवर मोजत होते.

बुधवारी सकाळी बाबा चहा पीत होते. त्यांची पँट नवीन होती, गडद निळी, मीच आणलेली. गुडघ्याखाली तिच्यावर पांढरे ठिपके होते. लहानपणापासून मी क्लोरीनचे ते ठिपके ओळखते; बाबांची एकही पँट त्यांच्यातून सुटली नव्हती. पण आता बादली उचलायचं कारणच उरलं नव्हतं.

"बाबा, हे डाग कसले?"

त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"बाबा..."

"वास येत नव्हता गं," ते म्हणाले. "हेडबाई बोलल्या ते काय खोटं? चार-चार तास तू त्या पाण्यात असतेस. एका दिव्याच्या भरवशावर मी तुला सोडू? पहाटे जाऊन दोनच मग टाकायचो."

"बाबा, त्यानेच मला खोकला येतो!"

त्यांनी कप खाली ठेवला. मला राग आला होता आणि रडूही येत होतं. माझ्या काळजीनेच बाबांनी माझी छाती जाळत आणली होती आणि ओरडायचं तर कुणावर!

मी तशीच पंपरूममध्ये गेले. दिवेवाला खाली बसून तीच नळी पुन्हा पुसत होता. मी सगळं सांगितलं. त्याने मान वर केली नाही.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"काय?"

"आकडा चढला त्याच दिवशी कळलं. इतकं क्लोरीन आपोआप नाही वाढत. दुसऱ्या दिवशी लवकर आलो तर काका बादली विसळत होते."

"म्हणजे आठवडाभर... आणि ही नळी कशाला पुसताय?"

"काहीतरी करताना दिसायला नको का?" त्याचा आवाज अगदी खाली गेला. "शनिवारी सांगणार होतो, जोडणी माझीच चुकली म्हणून. काकांचं नाव कसं घेऊ? तीस वर्षं इथे राबलेला माणूस. आणि... उद्या त्यांच्याच दारात मला काही मागायला यायचं असेल, तर?"

काय मागायचं ते मला कळलं. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी लाजले असते.

"वा! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी स्वतःच दोर घेऊन उभा!" मी म्हणाले. "तुम्ही रोज माझा खोकला ऐकत होतात. भिंतीपलीकडून. ऐकत होतात ना?"

"हो."

"दोघांनी मिळून मला जीव लावलात आणि खोकले मी! मला कुणी विचारलं? माझी छाती, माझं पाणी, आणि माहीत मला सोडून सगळ्यांना!" मला पुढे बोलवेना. खोकला आला, आणि या वेळी पाणी द्यायला पुढे केलेला त्याचा हात मी बाजूला सारला.

दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. बाबांशीही कामापुरतंच.

शनिवारी व्यवस्थापक पंपरूममध्ये आले. दिवेवाल्याने तलावाचं पाणी बाटलीत घेतलं, गोळी टाकली. पाणी गडद गुलाबी झालं, म्हणजे क्लोरीन अजून जास्तच. बादली बुधवारीच थांबली होती, पण आकडा पुरता उतरायला अजून दिवस हवे होते. दिवेवाला माझ्याकडे बघून बोलायला लागला, "साहेब, खरं सांगायचं तर..." आणि अडखळला. मी तोंड उघडणार, तोच बाबा पुढे आले.

"यंत्र चोख आहे, साहेब. मी पहाटे येऊन क्लोरीन टाकत होतो."

"तुम्ही? का?"

"पोरीच्या काळजीने." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि नाकाच्या तोऱ्याने. खोटं कशाला बोलू? आणखी एक महिना द्या. रोज तीनदा पाणी मी तपासीन, या बाटलीने. नाकाने नाही."

बाबांना मी कधी कुणापुढे मान खाली घालताना पाहिलं नव्हतं. मी जाऊन त्यांचा हात धरला.  व्यवस्थापकांनी महिना दिला.

त्या महिन्यात बाबा दिवेवाल्याकडून बाटली हलवायला शिकले, गुलाबी रंगाच्या छटा ओळखायला शिकले आणि त्याच्याशी हुज्जत घालायलाही. मीही त्याच्याशी पुन्हा बोलायला लागले. आकडा निम्म्याच्याही खाली आला. तीन महिन्यांची मुदत संपली तेव्हा डॉक्टरांनी माझ्या पाठीवर स्टेथोस्कोप ठेवून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "राहा पाण्यात." मी रस्त्यावर येऊन हमसून हमसून रडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच पोहत होते. दिवेवाला काठाशी येऊन उभा राहिला. त्याचं इथलं काम संपलं होतं, उद्यापासून दुसरा तलाव.

"एक बोलायचंय," तो म्हणाला. "आधी तुमच्याशी. काकांना अजून काही बोललो नाही."

"बोला."

"मला तुम्ही आवडता. तुमच्याशी लग्न करावं असं वाटतं." तो काठापासून एक पाऊल मागे सरला. "त्या आठवड्यात मी गप्प बसलो, ती माझी चूक होती. भ्यालो होतो. तुमचा खोकला अजून कानात आहे. आणि... मला पोहता येत नाही."

"काय?"

"पाण्याची भीती वाटते. पंधरा वर्षं तलावांचीच कामं करतोय, पण घोट्याच्या वर कधी भिजलो नाही. तुमचं सगळं आयुष्य पाण्यात, म्हणून आधीच सांगितलेलं बरं."

"आणखी काही?"

"घोरतो. आई म्हणते."

मी हसू दाबलं. "मला विचार करायला हवा," म्हणाले, छाती भरून श्वास घेतला आणि बुडी मारली.

खाली सगळं निवांत होतं. तळाच्या काळ्या रेघेवरून मी हात मारत गेले. छातीत कुठे टोचत नव्हतं, घसा आवळत नव्हता. किती दिवसांनी! वर पाहिलं की पाण्यातून त्याची लांबुडकी आकृती दिसायची, काठाकाठाने माझ्याबरोबर चाललेली. मी वेग वाढवला की तोही वाढवायचा. विचार असा मी काही केलाच नाही. उत्तर ठरलेलंच होतं, मला फक्त ते पुरतं एका श्वासात वाहून न्यायचं होतं.

पलीकडच्या काठाला मी डोकं वर काढलं. तो पोचलेला होता. धाप मला नाही, त्यालाच लागली होती.

"हो," मी म्हणाले. "पण दर रविवारी पोहायला यायचं. उथळ बाजूला, हेडबाईंच्या शेजारी."

तो आहे त्या कपड्यांत, ओल्या फरशीवर मटकन बसला आणि हळूच एक पाय पाण्यात सोडला, गुडघ्यापर्यंत.