डाव्या पंखावरची झीज

नवा दात नेहमी खोटा दिसतो. दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत सव्वीस वर्षं कवळ्या बनवून तिला एवढं पक्कं कळलं होतं. म्हणून ती हिरडीपाशी किंचित पिवळट छटा द्यायची, एखाद्या दाताला केसाएवढा तडा पाडायची, कडेला चहाचा पुसट डाग ठेवायची. घरच्या माणसांनाही मग पत्ता लागत नसे. दंतवैद्य गमतीनं म्हणायचे, की बाई, तुम्ही माणसाला एका दिवसात वीस वर्षं म्हातारं करता, आणि तरी तो हसत हसत घरी जातो.

त्यामुळे दादाचं विमान करायला घेतलं तेव्हा ते जुनं दिसायला लावणं अवघड जाईल, असं तिच्या मनातही आलं नाही.

दादा तिच्याहून चार वर्षांनी मोठा, लढाऊ विमानाचा वैमानिक. लहानपणी ती पाटीवरचा खडू खायची म्हणून तो तिला ‘खडू’च म्हणायचा. पुढं ती प्लास्टरमध्ये हात घालून बसायला लागली, तेव्हा खडूला शेवटी खडूचंच काम मिळालं म्हणून पोट धरून हसला होता. बावीस वर्षांपूर्वी एका सकाळी तीन विमानं एका ढगात शिरली आणि दोन बाहेर आली. महिनाभर शोध चालला. पत्र्याचा तुकडाही हाती लागला नाही. आई होती तोवर घरात विमानाचं चित्रसुद्धा चालत नसे. आई गेल्यावर तिनं त्याच जातीच्या विमानाचं किट मागवलं. खऱ्यापेक्षा अठ्ठेचाळीसपट लहान, दोन्ही तळहातांवर मावेल एवढं.

सुटे भाग जोडून राखाडी रंग देईपर्यंत महिना गेला. कॉकपिटवरचं काचेचं झाकण तिनं बंद करून चिकटवून टाकलं. आत वैमानिकाचा पुतळा बसवला नाही. दादाचा चेहरा रंगवायला हात धजेना.

आता मळ, तेल, ओरखडे. पण ते त्या सकाळी होते तसेच हवे होते, आणि ते सांगू शकणारा माणूस एकच होता. दादाच्या विमानाची देखभाल करणारा मेकॅनिक. त्याला सगळे वस्ताद म्हणत. तिनं पत्ता शोधून पत्र टाकलं, तर उत्तराऐवजी वस्ताद स्वतःच दारात उभे राहिले. सत्तरी ओलांडलेली, इंजिनांच्या आवाजानं डावा कान गेलेला. तेव्हापासून दर रविवारी दुपारी ते यायला लागले.

वस्ताद शिकवत ते तिनं कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. मळाला दिशा असते, ते म्हणायचे. हवेत असताना तेल मागं धावतं, जमिनीवर खाली ओघळतं. दोन्ही ओघळ दिसले पाहिजेत. तोफेच्या तोंडाशी काजळी लावायला निघाली, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला. त्या महिन्यात साहेबांनी, म्हणजे दादानं, एकही गोळी झाडली नव्हती. विमान नवंकोरं होतं, आठ महिन्यांचं. हलक्या हातानं करा, ताई.

तिनं हलक्या हातानंच केलं. पाचव्या रविवारी वस्तादांनी विमान उचललं, उजेडाकडं धरलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. डाव्या पंखावर, कॉकपिटच्या मागं, रंग पार उडाला होता. एवढी झीज व्हायला वर्षं लागतात, ते म्हणाले. जास्त केलंत तुम्ही.

तिनं तिथं हातच लावला नव्हता. पण धरता-उचलता बोट घासलं असेल, असं मनाशी म्हणून तिनं रंग पुन्हा दिला. शुक्रवारी तो पुन्हा उडालेला होता.

ती हिशेबी बाई होती. तिसऱ्यांदा रंग दिल्यावर तिनं विमान काचेच्या कपाटात ठेवलं, कुलूप लावून किल्ली दवाखान्यात नेली. संध्याकाळी परत येऊन दातांचं काम करायच्या भिंगाखाली पंख धरला. रंग गेला होता, आणि खाली चांदीसारखा चकचकीत धातू होता.

किट प्लास्टिकचं होतं. आतबाहेर, राखाडी प्लास्टिकचं.

त्या रविवारी तिनं वस्तादांना खरं काय ते सांगितलं. ते हसले नाहीत. भिंग डोळ्याला लावून किती तरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, की साहेबांना धीर कधीच नव्हता. इंजिन थांबलं, की शिडी यायच्या आत झाकण उघडून डाव्या पंखावर उडी. त्यावरून मी किती बोललोय त्यांना. ही झीज बुटांची आहे.

त्यानंतर तिनं ब्रश बाजूला ठेवला. विमान आपलं आपण जुनं होत होतं. चाकांवर तांबूस माती आली, नंतर ती धुपून गेली. इंजिनाचा जाळ बाहेर टाकणाऱ्या शेपटाकडच्या नळकांड्याभोवती काजळीचे थरावर थर बसले. दर रविवारी दोघं शेजारी बसून, कुणाचं तरी आलेलं पत्र वाचावं तसं ते विमान वाचत. तिला भीती वाटायला हवी होती. पण दवाखान्यातून घरी येताना तिची पावलं झपझप पडायची. आज काय असेल, दादाचं आज काय असेल, एवढंच मनात.

एका रविवारी पोटाखाली ठिगळ दिसलं. नखाच्या टोकाएवढं, चौकोनी. वस्तादांचा चेहरा उतरला.

‘‘हे मेकॅनिकचं काम नाही, ताई,’’ ते म्हणाले. ‘‘ठिगळाचे कोपरे गोल ठेवायचे असतात, नाहीतर तिथून तडा जातो. आमच्यातलं शिकाऊ पोरगंही चुकणार नाही. हे साहेबांनी स्वतः केलंय.’’

तिला कळेना, की त्यात एवढं वाईट वाटण्यासारखं काय.

‘‘तिथं त्यांच्याजवळ कुणी नाही,’’ वस्ताद म्हणाले. ‘‘बावीस वर्षं रोज उतरतायत, आणि खाली शिडी धरायला माणूस नाही.’’

बोलता बोलता त्यांनी उजव्या हाताची पालथी बाजू नळकांड्यापाशी नेली. विमान उतरलं, की इंजिन किती तापलंय ते बघायची जन्माची सवय. आणि चटका बसावा तसा हात मागं घेतला. ते उठून बेसिनपाशी गेले, हात गार पाण्याखाली धरून उभे राहिले. जाताना दारात थांबून एवढंच म्हणाले, ‘‘शिडी करता येईल तुम्हाला?’’

कवळीचे आकडे करायची बारीक स्टीलची तार तिच्याकडं रीळभर होती. त्या आठवड्यात तिनं शिडी केली. अकरा पायऱ्या, वर दोन वाकडे हूक. शिवाय विमान उभं करायला प्लास्टरचा पातळ चौकोन ओतला, धावपट्टीचा तुकडा म्हणून. रविवारी सकाळी तो घासून सपाट केला. घासताना उडालेली पांढरी पावडर टेबलभर बसली. वस्ताद आल्यावर पुसू, म्हणून तिनं ती तशीच राहू दिली. विमान मधोमध उभं केलं, कॉकपिटच्या डाव्या बाजूला शिडी टेकवली. मग टेबलाच्या कडेवर हात दुमडून, त्यावर डोकं टेकून शिडीकडं बघत बसली. खिडकीतून ऊन येत होतं. तिचा डोळा कधी लागला ते तिला कळलंच नाही.

जाग आली तेव्हा सव्वातीन वाजले होते. बेल वाजली नव्हती.

शिडी विमानाला टेकलेली नव्हती. पंखाच्या टोकापलीकडं नीट आडवी ठेवलेली होती, उड्डाणाआधी ठेवतात तशी.

ती मान न उचलता बघत राहिली.

शिडी होती त्या जागेपासून पावडरीत ठसे निघाले होते. तांदळाच्या दाण्याएवढे, बुटांचे. ते सरळ तिच्याकडं आले होते, टेबलाच्या कडेपर्यंत, तिचं डोकं होतं तिथवर. तिथं ठशांवर ठसे पडून पावडर पार तुडवली गेली होती. कुणीतरी बराच वेळ उभं राहिलं होतं. या पायावरून त्या पायावर.

‘‘उठवायचंस ना रे,’’ ती हळूच म्हणाली.

परत जाताना ठशांच्या दोन जोड्या होत्या.

एक शिडीच्या जागेपाशी संपली होती. दुसरी विमानाला वळसा घालून पुढं, डाव्या पंखाच्या टोकासमोर, वैमानिकाला दिसेल अशा जागी जाऊन थांबली होती. तिथून पुढं कुठंच गेली नव्हती. नळकांड्यामागची पावडर पंख्याच्या आकारात उडून टेबलाचं लाकूड उघडं पडलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. वस्तादांच्या सुनेचा होता. जेवून खुर्चीत टेकले होते, ती सांगत होती. तुमच्याकडं यायला शर्ट-पँट घालून तयार झाले होते. अडीचला मी उठवायला गेले, तर उठलेच नाहीत. चेहरा इतका शांत होता, की आम्हाला आधी कळलंच नाही.

येते, म्हणून तिनं फोन ठेवला. पावडर हलू नये म्हणून खिडकी लावली आणि तोंड धुवायला बेसिनपाशी गेली. नळ सोडला, ओंजळ भरली आणि आरशात बघितलं.

डाव्या गालावर, डोळ्याच्या जरा खाली, पांढऱ्या पावडरीचा ठसा होता. मसुराच्या डाळीएवढा. तिनं भिंग आणून पाहिलं. पाचही बोटं स्पष्ट होती.

तिनं ओंजळीतलं पाणी कधीच सांडून दिलं होतं. नळ बंद केला आणि तोंड न धुता ती वस्तादांच्या घरी गेली.