न पडलेल्या झाडाचा बिछाना

बाबांची पोलादी पाचर शोधून आणायची, एवढ्यासाठीच मी मे महिन्यातल्या एका धुकट सकाळी फोर्ट ब्रॅग या आमच्या किनाऱ्यावरच्या गावाहून एकटीच निघाले.

माझे बाबा, आर्वो, उभा जन्म रेडवुडची झाडं पाडत आले. एक झाड मात्र आपण अर्धवट कापून सोडलं, आपली पाचर अजून त्यात रुतलेली आहे, असं ते सांगत. का सोडलं विचारलं, की कॉफीच्या कपात तोंड घालत.

"तू झाड सोडलंस, आर्वो? तू तर टेबलाचा पायही सोडला नसतास!" बाबांच्या बरोबरीने झाडं पाडलेले लेलंडकाका न्याहारीच्या दुकानात दर रविवारी टोमणा मारायचे. हल्ली बाबा तिथे जाईनासेच झाले होते. त्यांचं ते घरी बसून राहणं मला बघवेना, म्हणून 'ती पाचरच आणून दाखवते' असं मी लेलंडकाकांना सांगून आले. आणि खरं सांगू? ते 'का' मलाही लहानपणापासून छळत होतं.

"झाड ओळखू कसं?" मी निघताना विचारलं.

"बिछाना बघ. झाड सापडेल."

रेडवुड नुसतं पाडलं तर स्वतःच्याच भाराने फुटून त्याच्या ठिकऱ्या होतात. म्हणून आमच्याकडे आधी माती आणि फांद्या ओढून त्याच्या लांबीचा मऊ बिछाना करायचे, मग करवत लावायचे. बिछाना आहे आणि त्यावर झाड पडलेलंच नाही, अशी जागा अख्ख्या जंगलात एकच असणार!

पिकअप किनाऱ्याच्या रस्त्याने उत्तरेकडे पळाली. दुसऱ्या दिवशी लाकूड वाहायच्या जुन्या वाटेशी ती उभी केली आणि पिशवीत हातोडा टाकून चालू लागले. आत शिरताच समुद्राचा आवाज बंद झाला. तिथली तोड थांबून कितीतरी वर्षं झाली होती. खोडं सरळ धुक्यात शिरलेली, शेंडे काही दिसत नव्हते. पायाशी नेच्यांतून केळ्याएवढी पिवळी गोगलगाय रमतगमत चालली होती. मी थांबून तिला आधी जाऊ दिलं.

पुढे ओढा लागला. त्यावर एक शेवाळलेलं खोड आडवं पडलेलं. निम्म्यावर गेले आणि पाय सटकला! पाण्याने खेचलं. हात झाडले. एक मूळ हाताला लागलं. धरलं! काठावर येऊन खिसा चाचपला, तर फोन पाण्यात गेलेला. म्हणजे आता झाडाचा फोटोही नाही. पुरावा म्हणून पाचर तेवढी उरली.

काठ चढले आणि समोर तो बिछाना होता! लांबलचक, सरळ, नेच्यांनी भरलेला उंचवटा. त्याच्या टोकाशी अजस्र रेडवुड, बुंध्यावर करवतीची जुनी जखम, आणि जखमेत गंजलेलं लोखंड.

मी धावले. फुर्रर्र! नेच्यांतून एल्कची, घोड्याएवढ्या हरणाची, मादी उसळली. कान मागे, मान खाली. आली अंगावर! मी शेजारच्या खोडाआड उडी घेतली. खूर कानाजवळून गेले. ती वळली. पुन्हा आली! मी खोडाला चिकटून राहिले. बऱ्याच वेळाने ती ओढ्याकडे चरायला उतरली.

आता रान मोकळं! मी झाडाशी पोहोचले, पाचरीला हात लावला, हातोडा उचलला. सहज खाली पाहिलं.

बिछान्यात पाडस होतं. अंगावर ठिपके, मान जमिनीला टेकलेली, डोळे माझ्यावर. आईने 'हलू नकोस' म्हणून बजावून ठेवलेलं. पहिल्या घावाला ते उधळून ओढ्यात गेलं असतं.

हातोडा माझ्या हातात तसाच राहिला. म्हणजे तेव्हाही इथे पाडस होतं! बाबा, तुम्ही हे कुणाला सांगितलं नाहीत? मला रडू आलं. मी हातोडा पिशवीत ठेवला आणि पावलं न वाजवता मागे फिरले.

रविवारी बाबांना ओढतच दुकानात नेलं.

"काय गं इर्मा, कुठाय पाचर?" लेलंडकाकांनी लगेच विचारलं.

"झाडातच आहे."

"म्हणजे नाहीच!" सगळे खो खो हसले. बाबांनी मान खाली घातली.

"बाबा," मी म्हणाले, "तुमच्या बिछान्यात कुणीतरी निजलं होतं. अंगावर ठिपके होते."

बाबांचा कप हवेतच थांबला. "अजून येतात तिथे?"

लेलंडकाकांचं हसू विरलं. "लेका आर्वो... पाडसासाठी? एवढा बिछाना केल्यावर?"

"मग काय, तुला विचारायला यायचं होतं?" बाबा म्हणाले आणि त्यांनी लेलंडकाकांच्या ताटातला पॅनकेक उचलून खायला सुरुवात केली.