सीट खालीच घसरते

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मी पदरचा एक शब्दही घातलेला नाही. हे माझ्या आत्तेबहिणीच्या बाबतीत घडलं आणि ती सायकल मी स्वतः पाहिली आहे.

आणि हो, रात्र नव्हती. रविवारची भर दुपार होती. डोंगरामागच्या खिंडीतला कच्चा रस्ता.

पण सुरुवात त्याच्या आधी झाली. घरात.

ताईला सायकलचं भारी वेड. त्यातही ग्रॅव्हल बाईक, म्हणजे जाड टायरची, खडी-मातीत चालणारी. गेल्या वर्षी खिंडीच्या उतारावर ती पडली. सायकल मोडली, गुडघाही गेला. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी पुन्हा चालवायची परवानगी दिली, पण एका अटीवर. सीटची उंची त्यांनी स्वतः मापून दिली. सीट त्यापेक्षा बोटभर जरी वर गेली, तर गुडघा परत जाणार.

मग सायकल कायमची बंद.

ताईने एकाकडून वापरलेली सायकल घेतली. त्याच्या वारलेल्या भावाची होती. सीटखालचा दांडा सायकलच्या नळीत जिथे शिरतो, बरोबर तिथे तिने दांड्यावर लाल चिकटपट्टी गुंडाळली. पट्टी नळीला टेकली म्हणजे उंची बरोबर.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी टेकलेली नव्हती.

पट्टीखाली दोन बोटं उघडा दांडा दिसत होता...

सीट वर आली होती.

"अहो, माझ्या सीटला हात लावलात का?"

"मी?" भाऊजी म्हणाले. "असल्या सीटवर बसलं की मला दोन दिवस उभ्यानं जेवावं लागतं. मी कशाला हात लावू?"

तिने सीट खाली केली. बोल्ट आवळला.

सकाळी पुन्हा वर.

असं रोज व्हायला लागलं. शेवटी ती सायकल घेऊन मिस्त्रीकडे गेली.

"मॅडम, सीट खालीच घसरते," मिस्त्री म्हणाला. "माणसाचं वजन वरून पडतं ना. ती वर कशी जाईल?"

"मग ही कशी गेली?"

"तुम्हीच घेतली असेल. विसरला असाल."

ताईने दात-ओठ खाल्ले. मिस्त्रीने दांडा पुसला, पकड धरणारी पेस्ट लावली, नवा क्लॅम्प बसवला.

"आता हत्ती बसला तरी हलणार नाही."

"हत्तीचं राहू द्या. सकाळपर्यंत हलणार नाही ना, तेवढं सांगा."

सकाळी... दोन बोटं उघडा दांडा.

भाऊजी तरी गप्प बसावेत! "नाचता येईना अंगण वाकडं," ते म्हणाले. "गुडघा नाही म्हणतोय, तर मान्य कर ना. सीटला कशाला नावं ठेवतेस?"

हे तिला फार लागलं. बाथरूमचा नळ सोडून ती रडली. दुःखाने नाही, संतापाने. गुडघा ठणठणीत होता. एवढे महिने तिने तो वाकवला होता, शेकला होता, जिने चढवला होता. आणि आता एका सीटपायी सगळे तिलाच वेड्यात काढत होते!

तिने सायकल खोलीत ठेवली. कुलूप लावलं. किल्ली उशाखाली.

तरी तेच.

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली. ती बसलेली असताना सीट कधीच हलायची नाही. पाठ वळली की मगच...

तिने ठरवलं, आता कोणाला विचारायचं नाही. रविवारी सीट खुणेवर आणली, बोल्ट फिरवायची ॲलन की खिशात टाकली आणि ती खिंडीकडे निघाली.

चढ मस्त गेला. गुडघ्याने कुरकुरही केली नाही. वर पोचल्यावर ती एकटीच हसली. समोरच्या कड्यावरून तिचं हसू परत आलं.

तिने सायकल दगडाला टेकवली आणि झऱ्यावर बाटली भरायला गेली.

तेवढ्यात धुकं उतरलं.

आणि मागून आवाज आला. कुर्र... कुर्र...

बोल्ट फिरवल्यासारखा.

तिने खिसा चाचपला. ॲलन की खिशातच होती.

ती धावत परत आली. सीट वर आली होती. दोन बोटं नाही, चांगली चार बोटं!

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझी सायकल आहे ही!" ती ओरडली. "माझे पाय एवढेच आहेत! तुझे लांब असतील तर दुसरी बघ!"

ती थांबली. ऐकत राहिली.

मघाशी हसू परत आलं होतं. आता आवाज परत आला नाही.

तिने बोल्टमध्ये की घातली. बोल्ट हलेना. तिने अंगाचा जोर लावला. की सटकली, बोटं सोलवटली.

"जाऊ दे," ती वैतागून म्हणाली. "अशीच नेते."

चढण्यासाठी तिने सीटवर हात ठेवला.

सीट गरम होती...

त्या गार धुक्यात. नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी.

ताईने हात काढला. ती बसली नाही. हँडल धरून पायीच उतरायला लागली. मागच्या चाकाची टिकटिक चालू होती. ढकलताना ती होतेच.

थोड्या वेळाने ती दम खायला थांबली. चाक थांबलं.

टिकटिक थांबली नाही.

ती मागून आली. अगदी तिच्या खांद्याजवळून पुढे गेली... उतारावर वेग घेत... आणि खालच्या वळणाशी एकदम बंद झाली.

पडल्याचा आवाजही आला नाही.

दुसऱ्याच दिवशी ताई सायकल घेऊन विकणाऱ्याच्या दारात उभी राहिली. तो बाहेर आला, पण सायकलपासून लांबच थांबला.

"तुमचा भाऊ चांगला उंच असणार," ती तणतणत म्हणाली. "माझी सीट रोज वर करतो!"

त्या माणसाचा चेहरा उतरला. त्याने हात स्वतःच्या छातीशी आडवा धरला.

"एवढा होता. तुमच्यापेक्षा बुटका."

ताईने सीटकडे पाहिलं.

"तोही रोज सीट खाली करायचा. रोज चिडायचा. आम्ही त्याची चेष्टा करायचो," तो म्हणाला. "त्यानंही ती कोणाकडून तरी वापरलेलीच घेतली होती. त्या दिवशी खिंडीतून त्याचा फोन आला. म्हणाला, सीट परत वर आलीय, बोल्ट हलत नाही. जाऊ दे, अशीच नेतो."

"मग?"

"मग तो आम्हाला खालच्या वळणावर सापडला."

त्याने सायकल परत घेतली नाही.

आता ती ताईच्या गॅलरीत आहे. चाकं काढून माळ्यावर टाकलीत. सीटही काढून टाकलीय. भाऊजी म्हणतात, विकून टाक. ताई त्यांच्यावर खेकसते, "कोणाच्या गळ्यात बांधू? सांगा ना!" दुसरी सायकल घ्यायची तिची हिंमत होत नाही. "गुडघा बरा झाला रे," ती मला म्हणाली, "आणि मी घरात बसलेय." तिचे डोळे भरले होते.

मी गॅलरीत जाऊन पाहिलं. नुसता सांगाडा आणि वर उघडा दांडा. लाल पट्टी नळीला टेकलेली होती. मला बरं वाटलं.

चहा झाला. निघताना सहज पुन्हा डोकावलो.

पट्टीखाली दोन बोटं उघडा दांडा दिसत होता...

त्यावर बसायला आता सीटसुद्धा नाही.

चपला घातल्या आणि निघालो.